बिजागरीचं दार, पाण्याचा दाब, आणि खालच्या कडीवर नेमका किती जोर येतो

निपाणीकडच्या एका डिप्लोमाच्या पोराचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. १.२ मीटर रुंद, १.५ मीटर उंच असं लोखंडी दार, वरच्या कडेला बिजागरी, एका बाजूला पाणी बरोबर बिजागरीपर्यंत भरलेलं, दुसरी बाजू कोरडी. दार बंद राहावं म्हणून खालच्या कडीवर किती जोर येणार? त्याचं उत्तर ६७५ किलो आलंय, पुस्तकात ९०० आहे. दुसरं, हेच दार आणखी दोन मीटर खोल पाण्यात असलं तर “दोन तृतीयांश” वालं सूत्र का चुकतंय. आणि तिसरं, काकांच्या उसाशेजारी नाल्यावर लहान बंधारा आहे, तिथं पाणी भरलं की आपोआप पडणारं दार बसवायचंय, बिजागरी मधोमध दिली तर चालेल का. कॉलेजात सगळं इंग्रजीत, मित्रांशी बोलायचं तर कन्नडात, म्हणून एकदा मराठीत समजावून सांगा म्हणतोय.

बाळा, बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला गेली तीसएक वर्षं मी दारंच करतोय, नाल्याची, कालव्याची, पाईपच्या तोंडाची, त्यामुळं जरा लांबण लागेल पण पूर्ण वाच. तुझी चूक बारीक नाही. तू काढलेल्या ६७५ वर कडी बनवून बसवली असती तर ती पहिल्याच पावसाळ्यात वाकली असती.

पहिल्यांदा दाब. पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतोय, मागं पाणी किती पसरलंय त्यावर नाही. हे लोकांना पटत नाही, मला कितीतरी गावांत सांगितलंय की साहेब आमचा तलाव मोठा आहे दार जाड करा, पण दारामागं दहा फुटाचा हौद असो नाहीतर दोन किलोमीटरचा तलाव, पाण्याची उंची तीच असली तर दारावरचा जोर तोच. लाटा, गाळ, वाहून आलेलं लाकूड यांचं वेगळं, पण थांबलेल्या पाण्याचा हिशोब एवढाच.

हे डोळ्यानं बघायचं असेल तर तुमच्या भागात दूधगंगा-वेदगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेतच की, मलिकवाड-दत्तवाड काय किंवा इकडं कृष्णेवर कल्लोळ-यडूर काय, ज्यांच्यावरून पावसाळ्यात पाणी गेलं की वाहतूक बंद. त्या पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे खाचेत बसणाऱ्या आडव्या फळ्या, एकावर एक घालतात. समज बरगा ३० सेंटिमीटर उंच, दोन मीटर लांब, असे दहा बरगे, म्हणजे तीन मीटर पाणी. सगळ्यात वरच्या बरग्यावर सरासरी १५ सेंटिमीटर पाणी, तर त्याच्यावर जोर ९० किलो. त्याच्या खालच्यावर २७०. मग ४५०, ६३०, असं करत सगळ्यात खालच्यावर १७१० किलो. ९० ला १, ३, ५, ७ करत १९ पर्यंत गुण, बरोबर तेच आकडे येतील. तळाचा बरगा वरच्याच्या एकोणीस पट सोसतोय, म्हणून तळाला कुजका बरगा कधी घालायचा नसतो, आणि काढताना तळाचाच बरगा खाचेत असा घट्ट बसलेला असतोय की माणसं घामाघूम होतात. हे चित्र डोक्यात ठेव, पुढचं सगळं ह्यातूनच निघतंय.

आता तुझं दार. एकूण जोर म्हणजे सरासरी दाब गुणिले क्षेत्रफळ. सरासरी खोली ०.७५ मीटर, क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, पाण्याचं वजन घनमीटरला १००० किलो. झाले १३५० किलो, न्यूटनमध्ये पाहिजे असेल तर ९.८१ नं गुण, सव्वातेरा किलोन्यूटन येतील. इथपर्यंत तू बरोबरच होतास. (मी सगळं किलोत लिहितोय कारण शेडमध्ये आम्ही तसंच बोलतो, परीक्षेत मात्र किलोन्यूटनच लिही.)

चुकलास ते पुढं. हे १३५० किलो दाराच्या मध्यावर लागतात असं तू धरलंस. सरासरी दाब मध्यावर असतोय हे खरं, पण म्हणून जोर मध्यावर लागत नाही, कारण खालच्या पट्ट्या वरच्यापेक्षा जास्त ढकलतायत. दाबाचं चित्र काढलं तर त्रिकोण होतोय, वर टोक खाली पाया, आणि त्रिकोणाचा तोल पायापासून एक तृतीयांशावर असतोय. म्हणजे सगळा जोर मिळून वरून १.० मीटरवर, खालून अर्ध्या मीटरवर लागतोय.

मोमेंट म्हणजे जोर गुणिले बिजागरीपासून त्या जोराच्या रेषेचं काटकोनातलं अंतर, मराठी पुस्तकात आघूर्ण म्हणतात. एकक किलो गुणिले मीटर, मी पुढं नुसता आकडा लिहीन. पाण्याचा मोमेंट १३५० गुणिले १.०, म्हणजे १३५०. दार हलत नाही म्हणजे कडीनं तेवढाच मोमेंट उलट्या बाजूनं द्यायला पाहिजे, कडी बिजागरीपासून १.५ मीटरवर, तर १३५० भागिले १.५, ९०० किलो. पुस्तक बरोबर आहे. उरलेले ४५० किलो बिजागरीवर. तू ०.७५ चं अंतर धरलंस म्हणून तुझ्या हिशोबात दोघांवर निम्मे निम्मे आले.

मोमेंट बिजागरीभोवतीच का घ्यायचा हे पोरं विचारत नाहीत, पाठ करतात. बिजागरी किती जोरानं ढकलतीय हे आपल्याला माहीत नसतंय, आणि तिथूनच अंतर मोजलं तर त्या जोराचं अंतर शून्य, तो हिशोबातून आपोआप गळतो, एकच अज्ञात उरतं. तपासणी करायची असेल तर आता खालच्या कडीभोवती मोमेंट घे, १३५० गुणिले ०.५ म्हणजे ६७५, भागिले १.५, बिजागरीवर ४५०. जुळलं. ही तपासणी मी आजही प्रत्येक दाराला करतो, दोन मिनिटं लागतात.

डंपिंग ट्रॉलीचा मागचा फाळका बघितलायस ना, वर बिजागरीला लटकतोय, खाली खिट्ट्या असतात. ओली वाळू भरली की कुठलं मोडतंय? वरची बिजागरी वर्षानुवर्षं टिकती, खालच्या खिट्ट्या वाकतात. वाळूचा दाब पाण्यासारखा हुबेहूब नसतोय पण खाली वाढत जातोय हे तेच. गावातल्या वेल्डरला सूत्र माहीत नसतंय तरी तो खिट्टीला जाड पट्टी लावतोय, कारण त्यानं ती दहा वेळा सरळ केलेली असते.

कोरड्या बाजूला पाणी आलं तर त्याचा त्रिकोण वेगळा काढायचा आणि मोमेंट वजा करायचा. समज बाहेरून ६० सेंटिमीटर पाणी चढलं. त्याचा जोर २१६ किलो, तळापासून २० सेंटिमीटरवर, म्हणजे बिजागरीपासून १.३ मीटर, मोमेंट २८१. राहिले १०६९, कडीवर ७१३ किलो. इथं एक नेहमीची चूक, दोन्ही पातळ्यांचा फरक ९० सेंटिमीटर म्हणून ९० सेंटिमीटर पाण्याचा एकच त्रिकोण घेतात. तसं करू नको, दोन त्रिकोण वेगळे काढ आणि शेवटी वजाबाकी कर.

आता दुसरा प्रश्न, दार खोल पाण्यात. वरच्या कडेवरच दोन मीटर पाणी आहे, तलावाच्या बुडाच्या मोरीला असं असतंय. आता दाबाचं चित्र त्रिकोण राहिलंच नाही, वर दोन मीटरचा दाब, खाली साडेतीनचा. हे चित्र कापून दोन तुकडे कर, एक आयत दोन मीटरचा आणि एक त्रिकोण दीड मीटरचा, तोच आधीचा. आयताचा जोर २००० गुणिले १.८, ३६०० किलो, तो मात्र खरंच मध्यावर लागतोय, बिजागरीपासून ०.७५, मोमेंट २७००. त्रिकोणाचा आधीचाच १३५०. बेरीज ४०५०, भागिले १.५, कडीवर २७०० किलो. तू दोन तृतीयांश लावून एकूण ४९५० किलो एक मीटरवर धरलेस, म्हणून तुझं ३३०० आलं. दोन तृतीयांश हे पाण्याच्या पृष्ठभागापासून सुरू होणाऱ्या दारालाच लागू, हे पुस्तकात बारीक अक्षरात असतंय आणि पोरं सोडून देतात.

पुस्तकातलं ते सेंटर ऑफ प्रेशरचं, म्हणजे सगळा जोर मिळून जिथं लागतोय त्या जागेचं, सूत्रही हेच सांगतंय. उभ्या आयताकृती दारासाठी जोर मध्यापेक्षा किती खाली लागतोय, तर दाराच्या उंचीचा वर्ग भागिले मध्याच्या खोलीची बारा पट. इथं २.२५ भागिले ३३, फक्त पावणेसात-सात सेंटिमीटर. वरच्या पहिल्या हिशोबात हेच अंतर २५ सेंटिमीटर होतं. दार जितकं खोल तितका जोर मध्याकडं सरकतोय. पण मध्यापर्यंत पोचत कधीच नाही, आणि मध्याच्या वर तर जाऊच शकत नाही. ही ओळ तुझ्या तिसऱ्या प्रश्नासाठी जपून ठेव.

अजून एक गोष्ट दाखवतो, मला स्वतःला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रभर कागद सोडला नव्हता. दाराच्या मध्याभोवती मोमेंट काढ. पाणी वरच्या कडेपर्यंत असताना १३५० गुणिले ०.२५, म्हणजे ३३७.५. दोन मीटर खोल असताना ४९५० गुणिले ०.०६८२, तरी ३३७.५. वीस मीटर खोल ने, पन्नास मीटर ने, ३३७.५ च. आयताचा भाग मध्यावरून जातोय म्हणून त्याचा मोमेंट शून्य, उरतोय तो त्रिकोणाचा, आणि तो दाराच्या उंचीवर ठरतोय, खोलीवर नाही.

म्हणून तुझ्या काकांच्या दाराची बिजागरी मधोमध दिली तर ते दार आपोआप कधीच पडणार नाही. पाणी कितीही वाढू दे, खालचा अर्धा भाग वरच्या अर्ध्यापेक्षा ३३७.५ नं कायम जास्त ढकलत राहणार, आणि खालची कड उंबऱ्याच्या टेक्यावर घट्ट दाबलेलीच राहणार.

मग कुठं? पाणी वरच्या कडेला पोचलं की दार डळमळायला पाहिजे, तर बिजागरी तळापासून एक तृतीयांशावर, म्हणजे ५० सेंटिमीटरवर. पाणी वरच्या कडेपेक्षा कमी असलं तर जोर बिजागरीच्या खाली लागतोय, दार टेक्यावर बसून राहतंय. पाणी बरोबर दीड मीटर झालं की जोराची रेषा बिजागरीच्या पिनमधूनच जाती, मोमेंट शून्य. त्याच्या वर एक सेंटिमीटर जरी चढलं तरी आयत तयार होतोय, त्याचा मध्य बिजागरीच्या २५ सेंटिमीटर वर, आणि दार पुढं कलायला लागतंय. दर सेंटिमीटरला मोमेंट साडेचार, दहा सेंटिमीटरला ४५. लक्षात ठेव, हे आकडे लहान आहेत. दारावर दीड टनाच्या वर जोर आणि उघडायला मिळतायत ४५.

आणि इथंच बिजागरीची जागा जरा इकडची तिकडं झाली की काय होतंय ते बघ. बिजागरी ५० ऐवजी ५५ सेंटिमीटरवर गेली तर दार पडायला वरच्या कडेवर जवळजवळ १९ सेंटिमीटर पाणी चढावं लागतंय. ६० वर गेली तर ५० सेंटिमीटर. ६५ वर गेली तर एक मीटर बारा सेंटिमीटर. ७५ वर, वर सांगितलंच, कधीच नाही. पाच पाच सेंटिमीटरचे सारखेच टप्पे आहेत, पण पाणी किती भराभर वाढतंय बघ.

हे मी ऐकून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका नाल्यावर आम्ही ह्याच मापाचं दार दिलं होतं. ड्रॉईंगला बिजागरी ५० वर होती. शेडमध्ये ब्रॅकेटचं एक होल आडव्या अँगलवर येत होतं, तर पोरांनी ब्रॅकेट पाच सेंटिमीटर वर सरकवून मारलं, मी बघितलं आणि पाच सेंटिमीटरनं काय होतंय म्हणून सोडून दिलं. बंधाऱ्याची भिंत दारापेक्षा १५ सेंटिमीटरच उंच होती. खानापूरचा पाऊस तुला माहीत आहे, आषाढात नाला भरला, पाणी दारावरून वाहायला लागलं, दार उभंच, मग भिंतीवरून गेलं आणि बाजूचा मातीचा भराव कापून खालच्या भाताच्या तरव्यात शिरलं. सकाळी जाऊन बघितलं तर नाला दाराला वळसा घालून वाहत होता आणि दार तसंच ताठ उभं. माणसाला काही झालं नाही, पण त्या शेतकऱ्याचं त्या हंगामाचं रोप गेलं. आम्ही भराव स्वखर्चानं भरून दिला, ब्रॅकेट ५० वर आणलं, आणि तेव्हापासून बिजागरीची उंची मी स्वतः टेपनं मोजल्याशिवाय दार शेडबाहेर जात नाही.

उलट बाजूनं, ५० च्या खाली बिजागरी ठेवली तर दार लवकर पडतंय. ४५ वर ठेवली की पाणी १.३५ मीटरलाच दार गेलं. साठा कमी होईल पण भराव वाचेल. मातीचा भराव असेल तर मी ४७-४८ ला ठेवतो, काँक्रीटची भिंत असेल तरच बरोबर ५० वर जातो.

आता पुस्तकात नसलेलं. पिनमधलं घर्षण. पिन ५० मिलीमीटरची धर, म्हणजे त्रिज्या २५, जोर १५३० किलो, तिच्याभोवती गनमेटलचं बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरती ती नळी, ग्रीस लावलेलं, घर्षणांक ०.२ धरला तर घर्षणाचा मोमेंट साडेसात-पावणेआठ. म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर पाणी जास्त चढलं की सुटलं, हे चालतंय. पण बुश नसलं, लोखंडात लोखंड, दोन वर्षं गंजलं, तर हाच आकडा दोन-तीन पट होतोय, त्यात बाजूच्या रबर सीलचं घासणं मिसळतंय. मग दार दहा सेंटिमीटरनंतर एकदम धाडकन पडतंय, आणि खाली कोणी गुरं पाजत असलं तर. म्हणून बुश गनमेटलचं आणि ग्रीसचं निप्पल बाहेरून हात पोचेल असं, ह्यावर पैसे वाचवू नका.

घर्षणाला हलकं समजायचं नाही ह्याचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं फॉल्सम धरण. तिथली दारं वक्र आहेत, आपल्या कोयनेच्या सहा वक्र दरवाज्यांसारखी. वक्र दाराची कल्पना फार सुंदर आहे. पत्रा वर्तुळाच्या कमानीत वाकवलेला, आणि बिजागरी, तिला ट्रनियन म्हणतात, बरोबर त्या वर्तुळाच्या केंद्रात. पाणी पत्र्यावर कुठंही लागू दे, दाब नेहमी पत्र्याला काटकोनात, म्हणजे केंद्राकडंच. सगळ्या रेषा पिनमधून गेल्या, अंतर शून्य, मोमेंट शून्य. शेकडो टन पाणी रेटत असताना उचलणाऱ्या यंत्राला फक्त दाराचं वजन आणि घर्षण उचलायचं. पण तो सगळा जोर पिनवर येऊन बसतोय, त्यामुळं तिथलं घर्षण लहान राहत नाही. फॉल्समला १७ जुलै १९९५ ला दार उघडत असताना तिसऱ्या नंबरचं दार मोडलं. पिन गंजून घर्षण वाढत गेलेलं, ते घर्षण पत्र्याला पिनशी जोडणाऱ्या हातांना वाकवत होतं, आणि मूळ डिझाईनमध्ये हा वाकवणारा मोमेंट धरलेलाच नव्हता. आधी हातांना एकमेकांशी बांधणारी एक तिरकी पट्टी तुटली, मग हात गेले.

होसपेटच्या तुंगभद्रा धरणाचं १९ नंबरचं दार १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री वाहून गेलं तेव्हा मला खूप जणांनी विचारलं की बिजागरी तुटली का. ते दार बिजागरीचं नव्हतंच, खाचेतून उभं उचलायचं होतं, तुटली ती साखळी. तिथं मोमेंटचा हिशोब वेगळा, म्हणून इथं वाढवत नाही.

आपोआप उघडणारी दारं म्हटलं की आपल्याकडं राधानगरी आठवतं, सात स्वयंचलित दरवाजे, ते उघडले की पंचगंगेकाठचे लोक सावध होतात. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये पुण्याच्या खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवली होती. यंत्रणा प्रत्येकाची वेगळी, पण पाण्याची एक ठराविक पातळी आली की तोल एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जावा, ही गोष्ट सगळीकडं एकच.

पडलेलं दार परत उभं कसं राहणार हा विचार बहुतेक जण करत नाहीत. तुझ्या दाराला ८ मिलीमीटर पत्रा, चौरस मीटरला ६२.८ किलो, म्हणजे ११३ किलो, अँगल धरून १८० च्या आसपास. ह्या वजनाचा मध्य तळापासून ७५ सेंटिमीटरवर, बिजागरीच्या २५ सेंटिमीटर वर. उभं असताना वजन पिनच्या बरोबर वर, मोमेंट शून्य, पण जरा कललं की वजनच त्याला आणखी पाडतंय, ३० अंशाला साडेबावीस. पाणी ओसरलं तरी दार पडलेलंच राहतंय आणि सगळा साठा निघून जातोय. म्हणून बिजागरीच्या खाली ३० सेंटिमीटरवर वजन लावायचं. १५० किलोला तोल जेमतेम जमतोय, १८० गुणिले ०.२५ आणि १५० गुणिले ०.३, दोन्ही ४५. परत उठावं म्हणून २०० तरी दे. वजन बिडाचं घे, उद्यमबागेत फौंड्र्या आहेतच, भंगारातला ठोकळाही चालतोय. काँक्रीटचा ठोकळा स्वस्त पडतोय पण पाण्यात बुडाला की त्याचं चाळीस टक्क्यांवर वजन पाणीच उचलतंय, बिडाचं सातव्या भागाइतकंच.

आणि गाळ. हे दार पडताना वरची कड पुढं जाती आणि खालची कड मागं, पाण्याच्या बाजूला येती. तिथं जर फूटभर गाळ, उसाचं पाचट, प्लास्टिक साठलं असेल तर खालची कड त्यात रुतून बसती आणि तुझ्या हातात दर सेंटिमीटरला फक्त साडेचार आहेत. पश्चिमेकडं जांभ्याची लाल माती येती, ती त्यातल्या त्यात बरी, काळ्या मातीचा गाळ मात्र सिमेंटसारखा धरतोय. पावसाळ्याआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पाण्यानंतर एकदा दारामागचा गाळ काढायलाच पाहिजे. काकांना हे पटत नसेल तर हे दार बसवूच नका, बरगेच बरे.

अजून एक, आणि तुमच्या भागाला हे फार महत्त्वाचं आहे. तुझा नाला पुढं दूधगंगेला मिळत असेल तर पुरात नदीची फुग, म्हणजे तुंबलेलं पाणी, नाल्यात मागं येती, २०१९ आणि २०२१ ला तुम्ही बघितलंच आहे. बाहेरून ६० सेंटिमीटर पाणी चढलं की ते दाराच्या खालच्या भागाला मागं ढकलतंय, म्हणजे दार उभं ठेवणारा जोरच कमी करतंय, आणि मग दार १.५ ला न पडता १.३१ मीटरलाच पडतंय. हिशोब स्वतः करून बघ, दोन त्रिकोण, दोन्हींचा मोमेंट बिजागरीभोवती. फुगेच्या जागी हे दार आणि पुरात पाणी उलटं शेतात येऊ नये ही अपेक्षा, दोन्ही एकत्र जमत नाही. तिथं पाईप टाकून वर बिजागरी असलेलं झडपेचं दार लाव, ते नदीकडून बंद होतंय आणि शेताकडून उघडतंय. तेही फार जड करायचं नाही. ६०० मिलीमीटरच्या पाईपला ६० किलोची झडप, बिजागरीपासून वजनाचा मध्य ३५ सेंटिमीटरवर, तोंड दहा अंश तिरकं, तर ती उघडायला आतबाहेरच्या पाण्यात पावणेचार सेंटिमीटर फरक लागतोय. वजन दुप्पट केलं की फरकही दुप्पट, आणि तेवढं पाणी शेतात उसाच्या मुळाशी उभं राहतंय.

तर आधी मला हे कळव, नाल्याच्या तोंडापासून नदी किती लांब आहे आणि २०१९ च्या पुराची खूण बंधाऱ्यावर कुठपर्यंत आहे. फुग पोचत नसेल तर पडणारं दार कर, बिजागरी ४८ वर, ५० ची पिन, गनमेटल बुश. बसवल्यावर पाणी सोडायच्या आधी नाला कोरडा असतानाच वरच्या कडेला ताणकाटा अडकवून आडवं ओढून बघ. वरची कड बिजागरीपासून जवळजवळ एक मीटरवर आहे, त्यामुळं काट्यावर जेवढे किलो दिसतील साधारण तेवढाच मोमेंट. त्याला साडेचारानं भाग, तेवढे सेंटिमीटर पाणी गंज आणि सील खाणार, वर पिनचे पावणेदोन मिळव. ती बेरीज पाच सेंटिमीटरच्या वर गेली तर सील सैल कर आणि परत ओढून बघ.